भिंत आणि झरोका : एकांतवासातल्या श्रद्धेची पार्श्वभूमी

‘क्वारंटाइन’ हा शब्द 2020 च्या मार्चमध्ये घराघरांत पोचला, पण त्याच्या पोटात ‘चाळीस’ हा आकडा दडलेला आहे हे फार थोड्यांच्या लक्षात आलं. एड्रियाटिक समुद्राकाठच्या रागुसा या व्यापारी नगरराज्याने (आजचं क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक) 1377 च्या जुलैत एक नियम केला. साथीच्या मुलखातून आलेल्या माणसाने शहरात पाऊल ठेवण्याआधी जवळच्या म्रकान बेटावर किंवा त्साव्हतात गावात एक महिना काढायचा. तीस दिवसांचा म्हणून तो ‘त्रेंतिनो’. पुढे मुदत चाळीस दिवसांवर गेली आणि व्हेनिसच्या बोलीतला ‘क्वारांतेना’ जगभर पसरला.

चाळीसच का? जुन्या ग्रीक वैद्यकाची समजूत होती की तीव्र आजार चाळीस दिवसांत इकडे किंवा तिकडे निकाली लागतो. पण तेवढंच नव्हतं. नोहाच्या वेळचा पाऊस चाळीस दिवसांचा, मोशे सिनाय पर्वतावर राहिला चाळीस दिवस, येशू वाळवंटात उपाशी राहिला चाळीस दिवस, आणि ईस्टरआधीचा उपासही तेवढाच. म्हणजे बंदरावरच्या कारकुनाने माणसाला अडवलं रोगासाठी, माप मात्र लावलं उपासाचं.

या नियमामागे साधू नव्हते, व्यापारी होते. तरी सक्तीच्या वेगळं राहण्याला तेव्हापासून साधनेचा वास लागला आणि तो पुढे कधी पुरता गेला नाही. संकट आलं की ‘एकांतात देव भेटतो’ असं कुणीतरी म्हणतंच. जुन्या नोंदी चाळताना मला मात्र दुसरंच दिसत गेलं. नुसत्या भिंतींनी फारसं कुणाला काही दिलेलं नाही. ज्यांच्या हाती काही लागलं त्यांच्या भिंतीत कुठेतरी झरोका होता. त्यातून भाकरी यायची, निरोप यायचा, घंटेचा आवाज यायचा, कधी नुसती पेन्सिल. आणि तो झरोका जिथे मुद्दाम अरुंद केला गेला, तिथलं काय झालं याचीही नोंद आहे.

भारतातला सर्वांत जुना नमुना पावसाचा. बुद्धाचे भिक्खू वर्षभर फिरत असत. पावसाळ्यात ते कोवळी पिकं आणि बारीकसारीक जीव तुडवत जातात अशी लोकांनी तक्रार केली, तेव्हा पावसाचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम झाला. तोच वर्षावास. जैन साधूंचा चातुर्मासही याच धाटणीचा. फिरस्त्यांना सक्तीने थांबवलं, आणि त्या थांबण्यातून पुढे विहार उभे राहिले. पण विनयपिटक या भिक्खूंच्या नियमग्रंथातली एक गोष्ट मला याहून मोलाची वाटते. कोसल देशातल्या काही भिक्खूंनी भांडणं नकोत म्हणून अख्खा वर्षावास एकमेकांशी एक शब्दही न बोलता काढला आणि मोठ्या समाधानाने ते बुद्धाला सांगायला गेले. बुद्धाने त्यांची चांगलीच कानउघाडणी केली: तुम्ही गुराढोरांसारखे एका गोठ्यात राहिलात, त्याला सुखाने राहणं म्हणता? त्यानंतर ‘पवारणा’ची पद्धत आली. वर्षावासाच्या अखेरीस प्रत्येक भिक्खूने संघापुढे बसायचं आणि म्हणायचं, माझ्याबद्दल तुम्ही काही पाहिलं असेल, ऐकलं असेल, शंका आली असेल, तर सांगा. मौनाचं इतकं कौतुक असलेल्या परंपरेने मौनाला लावलेली ही मर्यादा सहसा कुणी सांगत नाही.

इजिप्तच्या वाळवंटात साधारण सातशे वर्षांनी हाच प्रश्न दुसऱ्या वेषात आला. ‘मंक’ हा शब्द ज्या ग्रीक मुळातून आला त्याचा अर्थच ‘एकटा’. त्या एकट्यांचा आद्यपुरुष अँथनी. बिशप अथानासियसने लिहिलेल्या चरित्राप्रमाणे तो इसवी सन 285 च्या सुमारास एका ओसाड गढीत जाऊन राहिला आणि दार बंद करून घेतलं. वर्षातून दोनदा वरून भाकऱ्या सोडल्या जात. बाहेर माणसं येऊन थांबत, आतला आवाज ऐकत. वीसेक वर्षांनी लोकांनीच दार तोडलं. आतून एखादा सापळा बाहेर येईल असं त्यांना वाटलं होतं, आला तो धडधाकट, शांत माणूस, आणि आल्या आल्या तो रोग्यांना धीर देण्याच्या आणि भांडणं मिटवण्याच्या कामाला लागला.

सगळ्यांचं असं झालं नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस इवाग्रियस नावाच्या साधूने वाळवंटातल्या खोलीत दुपारी येणाऱ्या एका ‘भुता’चं वर्णन करून ठेवलं आहे. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो, माणूस पुन्हा पुन्हा खिडकीकडे जातो, कुणी येतंय का पाहतो, जागेचा वीट येतो, हाताच्या कामाचा वीट येतो, आणि आपल्यावर कुणाचं प्रेम उरलेलं नाही असं वाटू लागतं. त्याला ते ‘अकेडिया’ म्हणत. 2020 च्या एप्रिलमध्ये बंद घरांत जे घडत होतं त्याचं याहून नेमकं वर्णन माझ्या वाचनात नाही, आणि ते सोळाशे वर्षांपूर्वीचं आहे. या साधूंचा त्यावरचा उपायही अगदी घरगुती. अँथनीलाच एकदा हे भूत भेटलं तेव्हा त्याला समोर एक माणूस दिसला: बसून दोर वळतोय, उठून प्रार्थना करतोय, पुन्हा बसून दोर वळतोय. असं कर, एवढाच त्याला आदेश. श्रद्धेच्या इतिहासात साक्षात्कारांची चर्चा फार होते, दोर वळण्याची होत नाही. इवाग्रियसच्याही आधी, 320 च्या सुमारास, पाखोमियस नावाच्या साधूने नाईलकाठी ताबेन्निसी इथे एकट्यांना एका आवारात आणलं, कामाच्या आणि प्रार्थनेच्या वेळा ठरवून दिल्या, आणि सामूहिक मठाची सुरुवात झाली.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ही गोष्ट स्थापत्यात उतरली. काही स्त्रिया (पुरुषही, पण कमी) चर्चच्या भिंतीला लागून बांधलेल्या खोलीत जन्मभरासाठी स्वतःला बंद करून घेत. आत जाताना त्यांच्यावर मृतांसाठीचे विधी केले जात, म्हणजे जगाच्या लेखी त्या मेल्या. पण खोलीला तीन खिडक्या असत. एक चर्चमध्ये उघडणारी, तिथून पूजा दिसे. दुसरी दासीच्या बाजूला, तिथून जेवण आत येई आणि घाण बाहेर जाई. तिसरी रस्त्याच्या बाजूला, तिच्यावर काळा पडदा आणि पडद्यावर पांढरा क्रूस. तेराव्या शतकातल्या एका नियमपुस्तिकेत या स्त्रियांना कोणताही प्राणी पाळायला मनाई आहे, अपवाद फक्त मांजराचा. ज्याने हा अपवाद लिहिला त्याला एकटेपण कळलं होतं.

अशाच एका खोलीत नॉर्विचची ज्युलियन राहिली. तिचा जन्म 1342 च्या आसपासचा, म्हणजे ती सहा-सात वर्षांची असताना काळ्या मृत्यूने, म्हणजे प्लेगच्या साथीने, तिचं शहर झोडपलं. मे 1373 मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, मरणाच्या दारात असताना तिला काही दर्शनं झाली, आणि पुढची कितीतरी वर्षं ती त्यांच्यावर विचार करत लिहीत राहिली. इंग्रजीत स्त्रीने लिहिलेलं आणि आज हाती असलेलं सर्वांत जुनं पुस्तक तिचं मानलं जातं. मात्र रस्त्याकडच्या खिडकीचा विसर पडू देऊ नये. मार्जरी केम्प नावाची एक भटकी, रडवी, वादग्रस्त भक्त 1413 च्या सुमारास तिच्याकडे सल्ला मागायला आली आणि तिथे बरेच दिवस दोघींची बोलणी झाली. जगाने मेलेली धरलेली बाई जगातल्या बाईचं ऐकून घेत होती.

मराठीत हीच गोष्ट ज्युलियनच्याही आधीची आहे, आणि ती दाराची आहे. संन्याशाची पोरं म्हणून ज्या चार भावंडांना समाजाने बाहेर ठेवलं, त्यांतला ज्ञानदेव एकदा लोकांच्या बोलण्याने दुखावून झोपडीचं दार लावून बसला, अशी परंपरेतली कथा. धाकटी मुक्ताबाई बाहेरून त्याला समजावते, आणि प्रत्येक अभंगाच्या शेवटी तीच विनवणी: ताटी उघडा ज्ञानेश्वरा. इथे समाजाने लादलेलं एकटेपण आणि त्यावर माणसाने स्वतः ओढून घेतलेलं दार, दोन्ही एकाच चित्रात आहेत. मुक्ताबाई आत बसून साधना कर असं म्हणत नाही. योग्याने जगाचा राग सोसून पाणी व्हावं असं सांगते, पण ते सांगते दार उघडायला लावण्यासाठी. वाळीत पडलेल्या घरातल्या लहान मुलीच्या तोंडी परंपरेने हा अधिकार दिला, यातच सगळं आलं.

साथींकडे परत येऊ. व्हेनिसने 1423 मध्ये रोग्यांसाठी एक बेट राखलं आणि 1468 मध्ये संशयितांसाठी दुसरं, लाझारेत्तो नुओवो. तिथल्या प्रचंड वखारीच्या भिंतींवर अडकून पडलेल्या व्यापाऱ्यांनी, हमालांनी, पहारेकऱ्यांनी लिहिलेला मजकूर आजही वाचता येतो: जहाजांची नावं, मालाच्या खुणा, तारखा. प्रार्थना शोधायला जावं तर हिशेब सापडतात. मला त्यात निराश होण्यासारखं काही वाटत नाही.

मिलान शहरात 1576 मध्ये साथ आली तेव्हा घराबाहेर पडायला बंदी झाली, साहजिकच चर्चलाही जाता येईना. आर्चबिशप कार्लो बोरोमेओने चौकाचौकांत वेद्या उभारल्या, घरातून दिसतील अशा. दिवसातून सात वेळा घंटा होई आणि लोक दारा-खिडक्यांत उभे राहून एकमेकांना प्रतिसाद देत स्तोत्रं म्हणत. एका गल्लीचा आवाज दुसऱ्या गल्लीत. 2020 मध्ये इटलीतल्या गच्च्यांवरून गाणारी माणसं जगाने कौतुकाने पाहिली, त्याची पूर्वपीठिका साडेचारशे वर्षांची होती. एक फरक होताच: तेव्हा घंटेचं वेळापत्रक ठरलेलं होतं, त्यामुळे उत्साह ओसरल्यावरही गाणं चालू राहिलं.

इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यातलं ईयम गाव या यादीत नेहमी येतं. लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडाच्या गाठोड्यातून सप्टेंबर 1665 मध्ये प्लेग गावात आला असं सांगितलं जातं. जून 1666 मध्ये रेक्टर, म्हणजे गावचा धर्मगुरू, विल्यम मॉम्पेसन आणि त्याच्या आधीचा, धर्ममतभेदांमुळे पदावरून गेलेला थॉमस स्टॅन्ली हे दोघे एकत्र आले आणि गाव आतून बंद करायचं ठरलं. एरवी हे दोघे एका ओळीत उभे राहिले नसते. स्टॅन्लीचा शब्द मानणारी माणसं वेगळी, मॉम्पेसनची वेगळी. चर्च बंद झालं, प्रार्थना उघड्यावर ओढ्याच्या खोलगट जागेत होऊ लागली, प्रत्येक कुटुंब दुसऱ्यापासून अंतर राखून उभं. गावाच्या वेशीवरच्या दगडाला खळगे पाडलेले, त्यात व्हिनेगर, व्हिनेगरमध्ये नाणी. बाहेरचे लोक धान्य ठेवून नाणी घेऊन जात. त्या दगडाला मी झरोकाच म्हणेन. चौदा महिन्यांत सुमारे 260 माणसं गेली. मॉम्पेसनची बायको कॅथरीन ऑगस्टमध्ये गेली. एलिझाबेथ हॅन्कॉक नावाच्या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हाताने पुरली. पुढच्या शतकांत या कथेवर बरंच शेंदूर चढलं. गावकऱ्यांचा त्याग किती स्वखुशीचा होता, गरिबांना जायला जागा तरी होती का, असे प्रश्न अलीकडचे इतिहासकार विचारतात, आणि ते विचारलेच पाहिजेत. हॅन्कॉक बाईला या सगळ्यात कोणती ‘संधी’ मिळाली हे सांगण्याचं धाडस कुणी करू नये.

हे म्हणायचं कारण न्यूटन. त्याच प्लेगमुळे केंब्रिज बंद पडलं, न्यूटन वूल्सथॉर्पच्या घरी गेला, आणि 1665 ते 1667 या काळात त्याने कलनशास्त्र, प्रकाश आणि गुरुत्वाकर्षण यांवर पायाभूत काम केलं. टाळेबंदीत हा दाखला इतका फिरला की घरात बसून काही ‘निर्माण’ न करणाऱ्याला अपराधी वाटावं. न्यूटनच्या वाचनाची आणि टिपणांची सुरुवात 1664 मध्येच झाली होती, मध्ये तो काही काळ केंब्रिजला परतलाही होता, आणि घरचं शेतीवाडीचं उत्पन्न होतं. शांतता त्याला मिळाली खरी, पण तो तिथे भरल्या हातांनी गेला होता.

इथे दोन शब्दांबद्दल थोडं विषयांतर. ‘संधी’ला आपण मोका म्हणतो, पण संस्कृतात तिचा मूळ अर्थ जोड. सांधा आणि सांधणं त्याच घरातले. सम् + धा, एकत्र ठेवणं. ‘श्रद्धा’तही तोच ‘धा’ धातू आहे: श्रत् ठेवणं. ‘श्रत्’चा अर्थ जुन्या कोशकारांनी सत्य असा दिला, आधुनिक भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं हृदयाशी जोडतात. काहीही घ्या, दोन्ही शब्दांत कुठे तरी काही ठेवण्याची क्रिया आहे आणि ठेवायला दुसरी बाजू लागतेच. तुटलेपणाच्या काळात हे दोन शब्द एकत्र आठवतात ते उगाच नाही.

सांधण्याचं सर्वांत मोठं उदाहरण ज्यू लोकांचं. इसवी सनापूर्वी 586 च्या सुमारास बाबिलोनियांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं आणि लोकांना हद्दपार केलं. बळी फक्त त्या मंदिरातच देता येत होता, म्हणजे धर्माचा मध्यच गेला. मग शब्बाथ, प्रार्थना, ग्रंथांचं एकत्र वाचन यांना महत्त्व आलं, आणि सिनेगॉग या सामूहिक प्रार्थनास्थळाचं बीज त्या हद्दपारीत पडलं असं अनेक अभ्यासक मानतात. दहा माणसं जमली की प्रार्थना होते, इमारत लागत नाही. दुसरं मंदिर सन 70 मध्ये रोमनांनी पाडलं, तेव्हा ही सवय अंगवळणी पडलेली होती.

आता झरोका मुद्दाम अरुंद करण्याचा जो प्रयोग सुरुवातीला सूचित केला तो. फिलाडेल्फियात 1829 मध्ये ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी हे तुरुंगघर उघडलं. ‘पेनिटेन्शरी’ म्हणजे पश्चात्तापाची जागा. मागे प्रेरणा होती क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची, आणि हेतू दयेचा होता: फटके, घाण, गर्दी यांतून कैद्याला सोडवावं, त्याला एकटं ठेवावं, बायबल द्यावं, हाताला चांभारकाम किंवा विणकाम द्यावं, म्हणजे त्याचं मन आपोआप देवाकडे वळेल. प्रत्येक कोठडीला छतात एक झरोका होता, त्याला ‘देवाचा डोळा’ म्हणत. उजेड फक्त वरून. कोठडीबाहेर नेताना डोक्यावर टोपडं, म्हणजे शेजारचा कैदी दिसू नये. नावाऐवजी नंबर. अधिकारी आणि अधूनमधून येणारे धर्मोपदेशक सोडले तर माणसाचा आवाज नाही. युरोपभरचे सुधारक हा नमुना पाहायला आले आणि जगभर शेकडो तुरुंग त्यावर बेतले गेले. चार्ल्स डिकन्स 1842 मध्ये तिथे गेला आणि मनाशी चाललेला हा खेळ शरीराच्या कुठल्याही छळाहून वाईट आहे असं लिहून परतला. कैदी भिंतीतले नळ वाजवून एकमेकांशी बोलायचा प्रयत्न करत आणि पकडले जात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1890 मधल्या एका निकालात नोंदवलं की अशा एकांतवासात थोड्या काळानेही बरेच कैदी भ्रमिष्टासारखे झाले, काही वेडे झाले, काहींनी जीव दिला. तिथली ही पद्धत 1913 मध्ये अधिकृतपणे बंद झाली.

ज्युलियनच्या खोलीला तीन खिडक्या होत्या, फिलाडेल्फियाच्या कोठडीला एक, तीही आकाशाकडे. श्रद्धेला फक्त वरची खिडकी पुरेल हा त्या भल्या माणसांचा हिशेब होता.

अलिपूरच्या तुरुंगात हे अरविंद घोषांनी अनुभवलं. मे 1908 मध्ये अटक झाल्यावर त्यांना सुमारे नऊ फूट लांब आणि पाच फूट रुंद कोठडीत एकटं ठेवलं. पुढे 1909 मध्ये सुटल्यावर त्यांनी उत्तरपाडा इथल्या भाषणात तुरुंगातल्या ईश्वरदर्शनाबद्दल सांगितलं, ते सगळ्यांना माहीत असतं. पण सुरुवातीच्या दिवसांत विचारांचा ताबा सुटत चालला होता आणि एकांत कोठडीत माणसं वेडी का होतात ते कळलं, हेही त्यांनीच लिहिलं आहे. घरून गीता आणि उपनिषदं आली, फेऱ्या मारायची मुभा मिळाली, त्यानंतरची ती दर्शनं.

त्याच वर्षी जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेला नेलं. तिथे पुस्तकं मागवता आली, एक मराठी कैदी स्वयंपाकाला मिळाला, आणि लिहायला शाई नव्हे तर पेन्सिल. कागद सुटे नाहीत, पानांवर आकडे घातलेल्या बांधीव वह्या. नोव्हेंबर 1910 ते मार्च 1911 एवढ्या काळात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहून काढलं. विचार मात्र त्याआधी कितीतरी वर्षं घोळत होता. जगाला पाठ दाखवून मोक्ष नाही, कर्म करत राहणं हाच गीतेचा सांगावा, हे ज्या माणसाला कर्माच्या जागेपासून समुद्रापलीकडे नेऊन ठेवलं होतं त्याने मांडलं. 1912 मध्ये पुण्यात सत्यभामाबाई वारल्याची बातमी त्यांना तिथेच कळली. जून 1914 मध्ये सुटका झाली, हस्तलिखित सरकारने लगेच दिलं नाही, आणि पुस्तक 1915 मध्ये छापून आलं.

धुळ्याच्या तुरुंगाची गोष्ट याच्या उलट. 21 फेब्रुवारी ते 19 जून 1932, अठरा रविवार, अठरा अध्याय: विनोबा बोलत, सोबतचे कैदी ऐकत, साने गुरुजी भराभर उतरवून घेत. तिथे एकांत नव्हताच. बाहेरच्या जगापासून तोडलेल्यांनी आत स्वतःचं जग उभं केलं होतं, आणि कानावर पडलेलं कागदावर आणणारा एक हात नसता तर आज त्यातलं काही उरलं नसतं. मंडालेची वही आणि धुळ्याचा रविवार यांची तुलना केली तर मला दुसऱ्याचं वजन थोडं जास्त वाटतं. बहुतेकांना टिळकांची ग्रंथसंपदा डोक्यात घेऊन तुरुंगात जाता येत नाही. रविवारी चारचौघांत बसता येतं.

केपटाऊनसमोरच्या रॉबेन बेटाचं नाव मंडेलांमुळे जगाला ठाऊक आहे. ते तिथे 1964 पासून अठरा वर्षं होते, आणि चुनखडीच्या खाणीत काम करता करता कैदी एकमेकांना शिकवत. त्याच बेटावर डच सत्तेने 1780 मध्ये आणलेला एक कैदी होता, आजच्या इंडोनेशियातल्या तिदोर बेटावरचा राजकुळातला विद्वान इमाम अब्दुल्ला, पुढे ‘तुआन गुरू’ म्हणून ओळखला गेलेला. जवळ ग्रंथ नव्हता. त्याने कुराण आठवणीतून लिहून काढलं. बाराएक वर्षांनी सुटल्यावर त्याने केपटाऊनमध्ये शाळा काढली. तिथे गुलामांची मुलं शिकली, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस देशातली पहिली मशीद उभी राहिली. कोठडीतली ती पानं शाळेत वापरली गेली.

विसाव्या शतकात झरोका तारेविना झाला. 2 जानेवारी 1921 ला पिट्सबर्गच्या कॅल्व्हरी चर्चमधली संध्याकाळची प्रार्थना केडीकेए या रेडिओ केंद्राने प्रक्षेपित केली. यंत्रं सांभाळणारे दोन तंत्रज्ञ, एक ज्यू आणि एक कॅथलिक, लोकांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून गायकवृंदाचे झगे घालून बसले होते. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी त्या रात्री जे सुरू झालं त्याचंच वाढलेलं रूप 2020 मध्ये पडद्यावर आलं. 27 मार्चला पोप फ्रान्सिस पावसात, रिकाम्या चौकात एकटे उभे राहिले. हजला तोवर दरवर्षी वीस लाखांच्या आसपास माणसं जात, त्या वर्षी सौदीत राहणाऱ्या मोजक्यांनाच परवानगी मिळाली. आषाढीला पालख्यांऐवजी पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. कोपनहेगन विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञ जीनेट बेंटझेन यांनी शंभराच्या आसपास देशांतले गूगलवरचे शोध तपासले, तेव्हा ‘प्रार्थना’ या शब्दाचा शोध मार्च 2020 मध्ये झपाट्याने वाढलेला दिसला. त्यातले किती टिकले हा वेगळा प्रश्न. शोधणाऱ्याला समोर कुणी भेटलं की नाही, यावर ते बरंचसं अवलंबून असावं असा माझा अंदाज.

एक जागा मुद्दाम शेवटी ठेवली आहे. हवाईच्या मोलोकाई बेटाचं एक टोक समुद्रात घुसलेलं आहे, तिन्ही बाजूंना पाणी आणि पाठीशी सुमारे 600 मीटरचा कडा. 1865 च्या कायद्यानुसार कुष्ठरोग्यांना पकडून तिथे सोडायला 1866 च्या जानेवारीत सुरुवात झाली, आणि पुढच्या शंभर वर्षांत सुमारे 8,000 माणसं तिथे गेली, बहुतेक मूळची हवाईतलीच. जन्मलेली बाळं आयांकडून काढून घेतली जात. बेल्जियमहून आलेले फादर डेमियन तिथे 1873 मध्ये पोचले, त्यांनी घरं बांधली, पाण्याचे नळ टाकले, शवपेट्या ठोकल्या, आणि स्वतः त्याच रोगाने 1889 मध्ये वारले. वरिष्ठ धर्मगुरूला जहाजातून उतरू दिलं नाही तेव्हा डेमियननी होडीतून ओरडून पापांची कबुली दिली, असं सांगतात. ते 2009 मध्ये संत ठरले. पण त्यांच्या येण्याच्या सात वर्षं आधी, पहिल्याच वर्षी, तिथे टाकलेल्या 35 रोग्यांनी स्वतःचं प्रॉटेस्टंट चर्च स्थापन केलं होतं. त्याला नाव दिलं सिलोआमा, बायबलमध्ये आंधळ्याला दृष्टी देणाऱ्या कुंडावरून. त्यांना कुणी धर्मगुरू पाठवला नव्हता.

सल्फोन औषधं 1940 च्या दशकात आली, रोग बरा होऊ लागला, आणि सक्तीचं विलगीकरण 1969 मध्ये संपलं. जायची मोकळीक मिळाल्यावरही बरेच रोगी तिथेच राहिले. घर तेच होतं, शेजार तोच होता, आणि कबरी तिथेच होत्या. 2020 मध्ये त्यांच्यातले डझनभर हयात होते, सगळे म्हातारे. त्या वर्षी मार्चमध्ये वस्ती पुन्हा बंद झाली. या वेळी बंदी बाहेरच्यांना आत येण्यावर होती.